पंधरा दिवसांचा नियम आणि व्हर्नाबाई

सन्माननीय अध्यक्षा, टॅमरॅक कौंटीच्या सभाप्रमुख मार्जोरी क्वाकेनबुशबाई. व्यासपीठावर विराजमान असलेले आणि मला 'आटप' म्हणून खुणावायच्या तयारीनेच आलेले न्यायाधीश हॉलिस्टरसाहेब. आपल्या बंबगाड्या बाहेर थंडीत उभ्या करून ज्यांनी ही जागा मोकळी करून दिली ते अग्निशमन दलाचे स्वयंसेवक. आज कचेरीतून निवृत्त होणाऱ्या आपल्या सत्कारमूर्ती श्रीमती व्हर्ना ट्विचेल आणि त्यांचे यजमान रॉय. आणि शुक्रवारचा तळलेला मासा ताटात घेऊन हे भाषण कधी संपतंय याची वाट बघणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. न्यायाधीशसाहेबांनी मला यापूर्वी एकदा यापेक्षा बरंच जास्त दिलं होतं, त्याबद्दल पुढे सांगणारच आहे.

मला तुम्ही सगळे ओळखता. तरी बाहेरगावचे पाहुणे आहेत म्हणून सांगतो. मी थॅड गोर्स्की. गिरणीच्या पुलाजवळ माझं बंदुकांचं दुकान आहे, माझ्या वयाच्या तिसाव्या वर्षापासून. आणि व्हर्नाबाई म्हणजे कौंटी कचेरीतली पिस्तूल परवान्याची खिडकी. मधली दोन वर्षं सोडली तर तेहेतीस वर्षं एकच खिडकी आणि एकच बाई. आमच्या धंद्यात दुकानदाराचं लग्न बायकोशी होतं आणि संसार परवाना खिडकीशी. माझी बायको मान हलवते आहे, म्हणजे खरंच असणार.

आता रायफल घ्यायची तर गोष्ट वेगळी. पण आमच्या राज्यात पिस्तूल घ्यायचं म्हणजे मुलीसाठी स्थळ बघण्यासारखं असतं. आधी परवाना. परवान्याला बोटांचे ठसे, आणि तुमचं चारित्र्य चांगलं आहे असं लिहून देणारी चार माणसं. ही चार माणसं मिळवताना कित्येकांना पहिल्यांदा कळतं की आपल्याला मित्र तीनच आहेत. मग न्यायाधीशांची सही. या सगळ्यात ऋतू बदलतात. परवाना झाला की गडी माझ्या दुकानात येतो, पिस्तूल पसंत करतो, पैसे मोजतो, आणि ते पिस्तूल माझ्याच तिजोरीत राहतं. तो पावती घेऊन बावीस मैल गाडी हाकत व्हर्नाबाईंकडे जातो. बाई पिस्तुलाचा नंबर त्याच्या परवान्यावर चढवतात, त्याला एक चिठ्ठी देतात, की तो परत बावीस मैल माझ्याकडे. आणि बाई जेवायला बसतात बारा ते एक. बारा वाजून दोन मिनिटांनी पोचलेल्या कितीतरी शूर शिकाऱ्यांना मी काचेला नाक लावून उभं राहिलेलं बघितलंय.

प्रत्येक गिऱ्हाईक मला एकदा तरी म्हणतंच, "थॅड, हा काय छळ आहे? तिकडे पेनसिल्व्हेनियात माझा मेव्हणा दुकानात जातो, अर्ज भरतो, फोनवर चौकशी होते, आणि जेवायच्या आत पिस्तूल घेऊन घरी!"

मी म्हणतो, "मग आण ना तिकडून."

"देत नाहीत ना! पहिलाच प्रश्न, राहता कुठे?"

"मग तिकडे राहायला जा."

"वेडा आहेस का? तिकडे सासू आहे."

हे नियम मला आवडतात असं मी कधी म्हटलं नाही. व्हर्नाबाईंनीही कधी म्हटलं नाही. आम्ही तेहेतीस वर्षं भांडलो ते कागदावरून. तुम्ही ती भांडणं कचेरीच्या जिन्यापर्यंत ऐकलेली आहेत आणि बऱ्याच जणांनी घरी जाऊन ती तिखटमीठ लावून सांगितलेली आहेत.

पण व्हर्नाबाईंची खरी करामत खिडकीच्या बाहेरची. परवान्याचा माणूस वारला की त्याचं पिस्तूल घरात ठेवता येत नाही, बायकोलाही नाही, तिचा स्वतःचा परवाना नसेल तर. पंधरा दिवसांत ते परवान्याच्या माणसाला किंवा दुकानदाराला द्यायचं, नाहीतर पोलिसांकडे जमा करायचं. सोळाव्या दिवशी ती बिचारी विधवा कायद्याने गुन्हेगार. आता नवरा गेलेल्या बाईला हे कोण सांगणार? शेरीफची गाडी दारात उभी करून सांगायची गोष्ट आहे का ही?

व्हर्नाबाई दर गुरुवारी पेपर आला की निधनवार्ता घेऊन बसायच्या, शेजारी परवान्याच्या कार्डांचे पत्र्याचे डबे. नाव जुळलं की संध्याकाळी ओव्हन तापलाच. दफनानंतरच्या जेवणाला बाई चीज घातलेल्या मॅकरोनीचं भांडं घेऊन हजर. भांडं टेबलावर ठेवायचं, मिठी मारायची, आणि कानात हळूच सांगायचं, "घाई नाही, पण पुढच्या आठवड्यात मला फोन कर." असं त्यांना करायला कुणी सांगितलं नव्हतं. पगारात तर मॅकरोनी नव्हतीच.

फक्त एक घोटाळा झाला. गावाला हे कळलं. व्हर्नाबाई भांडं घेऊन आल्या म्हणजे गेलेल्या माणसाच्या घरी पिस्तूल होतं. आपल्या ऑगस्टा पीलबाई आठवतात? शाळेत संगीत शिकवायच्या, मुलांकडून शांततेची गाणी म्हणवून घ्यायच्या, चिमणीला खडा मारलेला खपायचा नाही. त्या गेल्यावरच्या जेवणाला पाद्री त्यांच्या कोमल हृदयावर बोलत होते आणि दार उघडून व्हर्नाबाई आत आल्या. हातात भांडं! पाद्रीसाहेबांचं वाक्य तिथेच अडकलं. नंतर कळलं, दोन रिव्हॉल्व्हर होती, त्यातलं एक हस्तिदंती मुठीचं. मीच विकलं ते पुढे.

आणि ती केकच्या डब्याची गोष्ट. एका आजीबाईंनी परवान्यामागे छापलेलं 'कचेरीत कळवावे' हे वाचून नवऱ्याचं पिस्तूल भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळलं, केकच्या डब्यात घातलं आणि थेट खिडकीवर आणून ठेवलं. व्हर्नाबाईंचा आवाज जराही चढला नाही. म्हणाल्या, "मिसेस होल्कम, केक छान दिसतोय. आता दोन पावलं मागे सरा, आणि दारावरच्या पहारेकऱ्याला मी हाक मारते आहे ती चहा विचारायला, असं समजा."

हसा, हसा. आता पुढची गोष्ट हसण्यासारखी नाही, आणि तीच सांगायला मी आज उभा आहे.

तुम्हा सगळ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. नऊ वर्षांपूर्वी ऐन नाताळच्या तोंडावर माझ्या दुकानातली पिस्तूलविक्री साठ दिवस बंद झाली. आणि ती कुणी केली? व्हर्ना ट्विचेलने. का? जुन्या भांडणाचा डूख धरून. हे या सभागृहात कुणालाही विचारा, तारीखवार सांगेल. ते खोटं आहे. खरं काय ते तीनच माणसांना माहीत होतं, व्हर्नाबाई, न्यायाधीशसाहेब आणि मी. गेल्या महिन्यापासून चार झाली, कारण माझ्या आईला कळलं. ती तिथे दुसऱ्या रांगेत काठी घेऊन बसली आहे. काठी कशासाठी आणली आहे ते तिने मला सांगून ठेवलंय.

माझे वडील, ब्रुनो गोर्स्की, त्या वर्षी तीस ऑक्टोबरला गेले. याच हॉलमध्ये जेवण झालं. व्हर्नाबाई भांडं घेऊन आल्या. मिठी मारून कानात म्हणाल्या, "थॅड, वडिलांच्या कार्डावर दोन आहेत."

मी म्हटलं, "बघतो." मनात म्हटलं, ही मला शिकवणार? कौंटीतल्या प्रत्येक विधवेला पंधरा दिवसांचा नियम समजावून सांगणारा माणूस मी! एक पिस्तूल माझ्याकडे दुरुस्तीला आलेलंच होतं. दुसरं, ते लहान रिव्हॉल्व्हर, वडिलांनी कधीच विकलं असेल असं मी धरून चाललो. आईला विचारलंसुद्धा नाही. वैद्याच्या घरी रोगी म्हणतात तो हा प्रकार.

मग नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा सण आला. आईकडे सगळे जमलो. टर्की कापून झाली, आई म्हणाली, "रश्श्याचा डाव आण." मी खण उघडला आणि झारे, डाव, लाटणं यांच्या मधोमध वडिलांचं रिव्हॉल्व्हर. त्यांना जाऊन सत्तावीस दिवस झाले होते.

मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. "मा, हे काय आहे?"

"डाव त्याच्या डाव्या बाजूला आहे."

"मा! हे इथे कसं? पंधरा दिवसांत द्यायचं असतं हे तुला माहीत नाही?"

"माहीत आहे. तूच सांगत असतोस सगळ्या जगाला."

"मग मला का नाही दिलंस?"

आई रस्सा ढवळत राहिली. म्हणाली, "तुझे वडील म्हणाले होते, थॅडच्या हाती देऊ नकोस. तो विकेल."

मित्रहो, मी साठीकडे झुकलेला माणूस, पण त्या क्षणी मला रडू आलं आणि रागही आला. राग जास्त आला, कारण ते खरं होतं. मी विकलंच असतं.

रिव्हॉल्व्हर मी त्याच दिवशी दुकानाच्या तिजोरीत आणलं. आणि मग वहीत नोंद करताना एक गोष्ट केली, जी मी आजवर माझ्या बायकोलाही सांगितली नव्हती. मी तारीख खोटी घातली. बारा नोव्हेंबर. पंधरा दिवसांच्या आत बसते म्हणून. आईचं वय तेव्हा एक्याऐंशी, तिच्यावर काही येऊ नये असं मी स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर दुकानदार म्हणून माझी लाज जाऊ नये, हेही होतं. सोमवारी सकाळी तो कागद घेऊन मी खिडकीवर गेलो.

व्हर्नाबाईंनी चष्मा लावला. कागद वाचला. परत वाचला.

"बारा नोव्हेंबर?"

"हो."

"तू आईकडे गेलास. बारा तारखेला."

"गेलो ना."

"थॅड, बारा तारखेला साडेपाच फूट बर्फ होतं. मी आमचं कुत्रं खिडकीतून बाहेर सोडलं. तू अठरा मैल गेलास कसा, उडत?"

"माझा ट्रक दणकट आहे."

"तुझा ट्रक तीन दिवस शाळेसमोर गाडलेला होता. रॉयच्या बर्फ उपसायच्या गाडीने त्याचा आरसा उडवला. त्याची तक्रार तू कौंटीकडे लेखी दिलीस. बारा नोव्हेंबर, सकाळी दहा, 'माझे वाहन जागेवरून हलवणे अशक्य होते.' खाली सही तुझी आहे."

मोठ्या तळ्यावरून वाऱ्याबरोबर येणारं बर्फ आमच्या अंगवळणी इतकं पडलेलं की मी पंधरा दिवस मोजताना ते विसरूनच गेलो. बोटांवर मोजत बसलो आणि नेमका तोच दिवस निवडला, ज्या दिवशी अख्ख्या कौंटीत कुणी आपलं दारही उघडू शकलं नव्हतं!

मी म्हटलं, "व्हर्ना, आपण शाळेत एका बसने जायचो. एक तारीख आहे. सोड."

त्यांनी कागद उलटा करून ठेवला. मग घड्याळाकडे बघितलं. म्हणाल्या, "मी बारा वाजता जेवायला जाते. तोपर्यंत हा कागद मी वाचलेला नाही. एक वाजता परत आले की वाचलेला असेल, आणि मग तो मीच वर न्यायाधीशांकडे नेईन. मधल्या वेळात तू स्वतः वर गेलास आणि खरं सांगितलंस तर तुझं तू बघ. आणि थॅड, आईचं मी त्यांच्याशी बोलेन. तिला इथे यावं लागणार नाही."

मी वर गेलो. न्यायाधीशसाहेबांनी ऐकून घेतलं. आईवर काही आलं नाही, रिव्हॉल्व्हर रीतसर जमा झालं. मला साठ दिवस पिस्तूलविक्री बंद. खोट्या नोंदीला यापेक्षा पुष्कळ मोठी शिक्षा होऊ शकली असती, हे मला कळत होतं.

इथपर्यंतची चूक एक वेळ माफ होईल. पुढची ऐका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खानावळीत कॉफी पीत होतो. कुणीतरी विचारलं, "थॅड, दुकानावर पाटी कसली लागली आहे? काय झालं?"

मी म्हटलं, "व्हर्नाला विचार."

एवढंच बोललो. बाकीचं काम तुम्ही केलंत, आणि काय झपाट्याने केलंत! संध्याकाळपर्यंत गावभर झालं की व्हर्नाने सूड घेतला. परवान्याच्या फाईलबद्दल बाहेर एक अक्षर बोलायचं नाही हा त्यांचा नियम. लोकांनी खिडकीवर येऊन तोंडावर विचारलं, तरी त्या म्हणायच्या, "पुढचा अर्ज." त्यांनी खरं सांगितलं असतं तर माझी अब्रू जाती आणि आईचं नाव गावात फिरतं. त्यांच्या जागी मी असतो तर तासाभरात बोललो असतो.

मग त्यांना खिडकीवरून हटवा म्हणून अर्ज निघाला. दोनशे बारा सह्या. दोन वर्षं त्या तळघरात बसून कुत्र्यांचे परवाने देत होत्या. खिडकी परत मिळाली, पण माणसं परत आली नाहीत. गुरुवारी पेपर आला की त्या मॅकरोनी करतच राहिल्या, आणि जेवणावळींत ते भांडं जसंच्या तसं भरलेलं घरी परत जाऊ लागलं. मी प्रत्येक जेवणाला होतो. मी बघत होतो.

गेल्या महिन्यात लेस्टर बर्डिकच्या जेवणाला आई माझ्याबरोबर होती. शेजारच्या बाईंना म्हणाली, "हे का घेत नाहीस? चांगलं दिसतंय की." त्या म्हणाल्या, "व्हर्नाचं? तुमच्या मुलाचं दुकान बंद पाडलं तिने, मिसेस गोर्स्की, आणि तुम्हीच विचारता?"

गाडीत बसल्यावर आईने काठी पायाशी ठेवली. मग म्हणाली, "दुकान का बंद होतं?"

"रंगकाम, मा. सांगितलं होतं ना तेव्हा."

"थॅडियस."

नव्वद वर्षांच्या आईने पूर्ण नावाने हाक मारली की माणूस सात वर्षांचा होतो. मी सगळं सांगितलं. तिने ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "ते रिव्हॉल्व्हर मी लपवलं. तारीख तू खोटी लिहिलीस. आणि शिक्षा त्या बाईने भोगली. आता तिच्या निरोपाला तू सांगतोस, की मी माइक घेऊ?"

तर मंडळी, हे माझं भाषण.

आणखी एकच सांगायचं राहिलं. तो दोनशे बारा सह्यांचा अर्ज तीन आठवडे माझ्या दुकानाच्या काउंटरवर पडून होता. कुणी आणून ठेवला ते मी सांगत नाही, त्याला त्याचा मासा सुखाने खाऊ द्या. त्या अर्जावर माझी सही नाही. नऊ वर्षं मी स्वतःची समजूत घालत आलो, की बघ, तू सही नाही केलीस. पण सही करायला प्रत्येकाने माझं पेन मागितलं, आणि मी ते दोनशे बारा वेळा दिलं.

बघा, आत्तासुद्धा त्या मला हाताने 'खाली बस' म्हणत आहेत. आजच्या दिवशीही त्यांना माझीच फाईल झाकायची आहे.

अध्यक्षा, न्यायाधीशसाहेब, आयोजक, स्वयंपाकघरात तेलाच्या धगीत उभे असलेले सगळे, तुम्ही मला बोलू दिलंत, मनापासून आभार. पाचाची पंधरा मिनिटं झाली. बोलताना कुणाचं नाव चुकलं असेल, कुणाचा मान ठेवायचा राहिला असेल, तर राग धरू नका. पण माफी मी तुम्हा सगळ्यांकडे मागत नाही. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आज माझ्यामागे रांगेत उभं राहायचं आहे.

व्हर्ना, माझं चुकलं. तुझं नाव मी खराब केलं, आणि ते मला रोज माहीत होतं. माझ्या फाईलबद्दल तू बोलू शकतेस, तशी परवानगी मी लिहून सही करून आणली आहे, तुझ्या पर्सखाली ठेवली आहे. मला माफ करायचं नसेल तर तसंही सांग, पण सगळ्यांसमोर आणि मोठ्याने सांग.

घे, हा माइक. रॉय, तिला उठायला जरा हात दे.